पेन्सिल हाती देण्यापूर्वी

शेजारच्या मुलीला सगळी एबीसीडी लिहिता येते आणि आपल्या मुलाची उभी रेघसुद्धा वाकडी जाते, एवढ्या एका गोष्टीवरून कित्येक घरांत संध्याकाळी रडारड होते. मूल असते जेमतेम साडेतीन वर्षांचे. आई कामावरून दमून आलेली, वहीचे पान तर पुरे व्हायला हवे. मग आवाज चढतो, कधी हातही उठतो. आईचा हेतू वाईट नसतो. मूल मागे पडेल ही तिची भीती खरी असते. पण ती त्या इवल्या हाताकडून जे मागत असते, ते त्याला अजून झेपणारे नसते.

जन्माच्या वेळी बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडे कूर्चेच्या स्वरूपात असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटच्या हाडाची पाळी नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास येते. बोटांतली ताकद, डोळा आणि हात यांचा मेळ, हेही सवयीनेच जमते. मात्र ही सवय वहीतच लागते असे नाही. मटार सोलणे, कणकेचा गोळा मळणे, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढणे, शर्टाची बटणे आपली आपण लावणे, फरशीवर खडूने गिरगोट्या काढणे, या सगळ्यांत बोटे तयार होतात. पसारा होतो, वेळही जातो. आणि दाणे नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून जवळ कोणीतरी मोठे माणूस बसावे लागते, ते वेगळेच.

अंकांचेही तसेच. पाहुण्यांसमोर पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘पाच चमचे आण’ म्हटले, की पुष्कळदा ते मूठभर चमचे घेऊन येते. आकडे पाठ आहेत, पण पाच म्हणजे किती हे कळायचे आहे. रात्री पाने घेताना ‘आज जेवायला कोण कोण? मग वाट्या किती लागतील?’ एवढे विचारले आणि वाट्या त्यालाच मांडू दिल्या, तर हे गणित रोज, फुकट आणि न रडता होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी करून दाखवले. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या खेळण्यांच्या दुकानात हरवून जाणाऱ्या आजच्या पालकांनी हे आठवावे. नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती नकोत, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबादकडच्या मराठी घरांत आणखी एक प्रश्न पडतो. शाळेची भाषा निराळी, म्हणून घरात मराठी बोलणे थांबवावे का? मुळीच नाही. आजीच्या गोष्टीत जे मूल ‘मग काय झालं?’ म्हणून विचारते, त्याला दुसऱ्या भाषेतली गोष्टही समजायला सोपी जाते.

धीर धरणे वेगळे आणि दुर्लक्ष करणे वेगळे. लिहायला उशीर झाला तर वाट पाहावी. बोलण्याच्या बाबतीत तसे करू नये. दोन वर्षे होऊनही मूल ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ या घरच्या समजुतीवर विसंबून राहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान आधी तपासून घ्यावेत. कमी ऐकू येत असल्याचे वेळीच कळले, तर श्रवणयंत्र आणि वाचोपचार यांचा उपयोग भाषा घडण्याच्या या वयातच होऊ शकतो.