क्वांटम संगणक : अपेक्षा आणि हिशेब

क्वांटम संगणक म्हणजे आजच्याच संगणकाची अतिवेगवान आवृत्ती, अशी समजूत आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. ती चुकीची आहे. आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केलेले असल्यामुळे ती वेळीच दुरुस्त झालेली बरी.

नेहमीच्या संगणकातील बिट शून्य तरी असते किंवा एक तरी. क्वांटम संगणकातील क्युबिट या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकते. अशी तीनशे क्युबिटे परस्परांत गुंफली, तर त्यांच्या अवस्थेच्या वर्णनास लागणारे आकडे दृश्य विश्वातील अणूंहून अधिक भरतात. येथवर प्रचार खरा. पुढची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. मोजमाप करताच हे सारे वैभव लोपते व हाती एकच उत्तर उरते. चुकीची उत्तरे लाटांप्रमाणे एकमेकांस छेदून मावळावीत आणि बरोबर तेवढे बळावावे, अशी गणिती युक्ती सापडली तरच या यंत्राचा उपयोग. आणि अशा युक्त्या मोजक्याच आहेत. बोरिवलीतील एखाद्या पतपेढीला व्याजाची आकारणी करण्यासाठी ते घ्यावे लागणार नाही!

मोजक्या असल्या तरी त्या क्षुल्लक नव्हेत. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविलेल्या रीतीने प्रचंड संख्यांचे अवयव झटपट पाडता येतात, आणि बँकांच्या संदेशांची गुप्तता बऱ्याच अंशी असल्या दुष्कर गणितांवरच विसंबून आहे. तेवढे समर्थ यंत्र अद्याप कोठेही नाही. तथापि आज चोरून साठविलेला मजकूर उद्या उलगडता येईल. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या संकेतपद्धती जाहीर केल्या, त्या याच धास्तीपोटी. त्या राबविण्यास नेहमीचेच संगणक पुरतात. तेव्हा आपल्या बँकांना दिरंगाईस सबब नाही.

मोहिमेच्या चार केंद्रांपैकी संगणनाचे बंगळुरूस गेले. पवईच्या आयआयटीकडे संवेदन व मापन आले. मुंबईकरांनी यात डावलले गेल्याचे मानू नये. बाहेरच्या उष्णतेचा वा चुंबकत्वाचा किंचित स्पर्श होताच क्युबिट बिघडते. संगणनात हा दोष, पण मापनात तोच गुण. हिऱ्याच्या स्फटिकातील सूक्ष्म दोषांच्या साहाय्याने अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे टिपण्याचे संशोधन पवईत चालू आहे, आणि रुग्णालयांना व कारखान्यांना त्याचा लाभ संगणकाच्या आधी मिळण्याचा संभव अधिक. मोहिमेची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. तोवर किती क्युबिटे जमली एवढेच न विचारता, अशी किती उपकरणे प्रयोगशाळेबाहेर पडली, याचाही हिशेब संसदेने दरवर्षी मागावा.