भुयारी मार्गाची भिंत कोणाची?

भिंतीवरचा मजकूर साहित्याच्या कक्षेत येतो की नाही, हा प्रश्न आपल्या वर्गांतून क्वचितच विचारला जातो. वास्तविक, पुस्तक कधीही विकत न घेणाऱ्या माणसालाही जो मजकूर रोज वाचावा लागतो, तो भिंतीवरचाच. भुयारी मार्गातून पायी जाणाऱ्याला तर दोन्ही बाजूंना दुसरे काही दिसत नाही.

हा विषय यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात काढण्यास कारण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रूळ पुढे सरकतील तशा त्यांच्याखालच्या वाटाही वाढतील, आणि त्यांच्या कोऱ्या भिंतीही. या भिंती रंगविण्याचा साचा मात्र आधीच ठरलेला आहे: एक घोषणा, एक झाड आणि चार वारली आकृत्या.

आमचा आक्षेप वारली चित्राला नाही, त्याच्या शिक्क्याला आहे. हे चित्र मूळचे पालघर-डहाणूकडच्या लग्नघरातले. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवासिनींनी काढलेले. जिव्या सोमा मशे यांनी ते घराबाहेर नेले, तेव्हा त्यामागे त्यांचा स्वतःचा हात आणि स्वतःची दृष्टी होती. कोलाम, गोंड आणि बंजारा यांच्या जिल्ह्यात तेच चित्र कंत्राटाने उमटवणे म्हणजे येथल्या माणसांना स्वतःचे काही सांगायचे नाही असे गृहीत धरणे होय.

मुंबईत २००९ साली तुळशी पाईप रस्त्यालगतची लांबलचक भिंत महापालिकेने नागरिकांच्या हाती दिली. तयार आणि नवखे हात तेथे शेजारी शेजारी रंगले. एकसारखेपणा गेला, हेच आम्हाला त्या प्रयोगाचे यश वाटते.

भिंत हेही एक व्यासपीठच आहे, आणि व्यासपीठाचा प्रश्न यवतमाळला नवा नाही. २०१९ च्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि उद्घाटन शेतकरी आत्महत्येची झळ सोसलेल्या वैशाली येडे यांनी केले. कोणाला बोलू द्यायचे हे कोण ठरवतो, हा तेव्हाचा प्रश्न भिंतीपाशीही तोच राहतो.

रंगाने अंधार जात नाही, हे कोणी सुनावील. आणि ते खरेच आहे. दिवा नसलेल्या, पाणी तुंबणाऱ्या बोगद्यातले चित्र ही शुद्ध फसवणूक आहे. शिवाय ओल धरलेल्या भिंतीवर रंग टिकतही नाही. म्हणून आधी दिवा, मग गटार आणि त्यानंतरच कुंचला.

आणि कुंचला कोणाच्या हाती? जे त्या वाटेने चालतात त्यांच्या: शाळेच्या मुली, भाजीवाल्या, रोजंदारीवर निघालेले मजूर. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांची बोली आधी ऐकावी, टिपून घ्यावी. भिंतीवर काय यावे हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे. चित्र कायमचे असण्याचीही गरज नाही. लग्नघरातले चित्र तरी कुठे कायमचे असते? दरवर्षी चुना फासावा आणि पुन्हा नव्याने काढावे. ज्या भिंतीवर आपल्यालाही लिहिता येते, तिच्याजवळून माणूस परक्यासारखा जात नाही.