ह्याला काय विचारायचे?

माझे मामा एकेचाळीस वर्षांचे आहेत. शहरातील एका दिवसभराच्या कार्यशाळेत ते रोज सकाळी जातात, कागदी पिशव्या चिकटवतात, दिवाळीआधी पणत्या रंगवतात आणि चारच्या सुमारास परत येतात. बौद्धिक दिव्यांगता असलेले आणखी वीस-बावीस स्त्री-पुरुष तेथे येतात. सगळे त्यांना ‘मुले’ म्हणतात. त्यांतल्या एका ‘मुला’चे केस पार पिकले आहेत.

गेल्या वर्षी खाते उघडायला आई व मी मामांना घेऊन एका बँकेत गेलो. अधिकाऱ्यांनी आईला विचारले, “ह्यांना सही येते का?” मामा समोरच बसले होते. त्यांना सही येते. दोन वर्षे घोटून घोटून ते ती शिकले आहेत. त्यांनी मान खाली घातली. मला त्या साहेबांचा राग आला. पण घरी आल्यावर वाटले, आपण तरी काय वेगळे करतो? चहा की कॉफी, एवढेही मामांना आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. “ह्याला काय विचारायचे?” हे ठरलेलेच.

आम्ही सीमेवरची माणसे. मामांना ‘नको’ कळते, ‘ब्याड’ही कळते, पण दोन्ही भाषांत त्यांच्या तोंडून नकार म्हणून ऐकू येत नाही. कार्यशाळेचा शेरा असतो ‘आज्ञाधारक’, आणि आम्ही तो कौतुकाने वाचतो. (चाळिशीतल्या आपल्या एखाद्या प्राध्यापकांना हे प्रशस्तिपत्र देऊन पाहावे!) पण ज्याला नकार द्यायला कधी शिकवलेच नाही, त्याच्या अंगाला कोणी नको तसा हात लावला, किंवा त्याची मजुरी कोणी काढून घेतली, तर त्याने ते कोणत्या शब्दांत सांगावे?

म्हणून माझे म्हणणे असे, की अशा कार्यशाळांत पिशव्यांइतकेच महत्त्व स्वतःची बाजू मांडण्याच्या शिक्षणाला द्यावे. ही कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकातच अशा प्रौढांनी स्वतःच्या परिषदा भरवल्या. १९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, सेलम येथे, त्यांच्याच एका गटाने ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना काढली. ‘आधी माणूस, मग बाकीचे’ हा त्या नावाचा अर्थ. बैठका ते घेत. मदतनीस असत, पण निर्णय त्यांचा.

हे शिकवायचे कसे? “चहा हवा ना?” असे विचारले की मामा ‘हो’च म्हणतात. समोरच्याला खूश ठेवायची सवय त्यांच्या हाडीमांशी भिनली आहे. म्हणून मी दोन वस्तू समोर ठेवू लागलो, आणि थांबू लागलो. थांबणे हेच सर्वांत कठीण! अर्धे मिनिटसुद्धा आपल्याला निभत नाही. आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. एकदा विचारल्यावर मी कपांच्या जागा बदलून पुन्हा विचारतो, म्हणजे खरी निवड कळते. मामांना कॉफी आवडते, हा शोध आम्हांला इतक्या वर्षांनी लागला. याच वाटेने पुढे पगार किती मिळतो, तक्रार कोणाकडे करायची, शरीरावर हक्क कोणाचा, येथवर जाता येईल. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आहेत, खुणा आहेत.

“उद्या तो औषध नको म्हणाला तर?” असे आई विचारते. तिची भीती खोटी नाही. तीस वर्षे मामांची दुखणी तिनेच काढली. मग औषध कशासाठी हे त्यांना समजावे अशा शब्दांत सांगावे लागेल, दहादा सांगावे लागेल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही पालकाकडून हीच अपेक्षा धरतो: गरज असेल तेथे मर्यादित पालकत्व, आणि निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, परस्परविश्वासाने घ्यायचा.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक दरवर्षी त्या कार्यशाळेत फळे वाटून, समूहगीते म्हणून येते. यंदा जाण्याआधी दोघा-तिघांनी तेथे जाऊन बसावे आणि त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारावे, मराठीत आणि कन्नडमध्ये. उत्तर यायला वेळ लागेल. आणि फळे नकोत म्हणाले, तर नेऊ नयेत.