बाटली टाकण्याआधी रोग ओळखा

मुळशीच्या पावसात एखादी गाडी कित्येक आठवडे जागची हलत नाही. दसऱ्याला ती धुऊन, हार घालून रस्त्यावर काढावी, तर चढाला गचके देते, पिकअप मिळत नाही, अॅव्हरेजही पडलेले असते. मग कुणीतरी सांगतो, "इंजेक्टर क्लीनरची एक बाटली टाक, मोकळी होईल." आपणही विचार न करता ती टाकतो. ताप कशाचा हे न पाहता टॉनिक घेण्यातलाच हा प्रकार. गाडीच्या या तक्रारींमागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात आणि बाटली उपयोगी पडते ती त्यातल्या एकावरच.

पहिले कारण इंजेक्टरवर साचलेली काजळी. येथे चांगला क्लीनर खरोखर काम करतो. त्यात पॉलिइथर अमाईन म्हणजे 'पीईए' हा घटक आहे का, ते लेबलवर पाहावे. साबण जसा तेलकट थर सोडवतो, तसा तो ही काजळी सोडवून जाळण्यासाठी पुढे पाठवतो. मात्र थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही. त्या व्हॉल्व्हवरची काजळी टाकीत काहीही ओतले तरी निघत नाही.

दुसरे कारण पाणी. झाकणाचे रबर झिजले असेल तर पावसाचे पाणी टाकीत उतरते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, पण मर्यादेपलीकडे पाणी आले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप पेट्रोल ओढतो तेही तळाशीच. 'पाणी शोषणाऱ्या' अनेक बाटल्यांत अल्कोहोलच असते, आणि अल्कोहोल तर आपल्या पेट्रोलमध्ये आधीच आहे. थर वेगळे झाले असतील तर टाकी रिकामी करून घेणे, हाच इलाज.

तिसरे कारण म्हणजे इथेनॉल स्वतः. २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे या मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा मुळातच कमी. जी ऊर्जा इंधनात नाही, ती कोणतीही बाटली आणून देणार नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप इथेनॉलने खराब होत असतील, तर तेही क्लीनरने वाचत नाहीत, बदलावेच लागतात.

मुद्दा फक्त पैशांचा नाही. ऑक्टेन वाढवणाऱ्या काही बाटल्यांत मँगनीजची (एमएमटी) किंवा लोखंडाची (फेरोसीन) संयुगे असतात. त्यांची राख स्पार्क प्लगवर बसते आणि उरलेली सायलेन्सरमधून हवेत जाते. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली की मज्जासंस्थेला अपाय होतो, हे खाणींतल्या कामगारांवरून वैद्यकाला ठाऊक आहे. इंजिनाचा ठोका थांबवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घातले गेले. त्याचे विष मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचते हे कळूनही भारतातून ते पूर्ण हटायला २००० साल उजाडले आणि जगभरातून जायला २०२१. टाकीत घातलेले अखेर कुणाच्या तरी छातीत जाते, हा त्याचा धडा.

म्हणून माझे मत असे: ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊच नये. धातू असलेली तर मुळीच नको. पीईए असलेला क्लीनर गाडीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तरच, सांगितलेल्या प्रमाणात आणि काजळीची शंका असेल तेव्हाच वापरावा. त्याआधी झाकणाचे रबर, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा तपासावी. उरलेली बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये. चुकून कुणी प्यायलेच, तर उलटी करवू नये. हे द्रव फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो, म्हणून थेट दवाखाना गाठावा.