टर्बो बदलण्याआधी कारण मागा

शेतकऱ्यांच्या बैठकीच्या पत्रकात मोटारीच्या इंजिनाची चर्चा कशाला, असे काही जण विचारतील. उत्तर हिशेबात आहे. गावातली डिझेल गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापूस बाजाराला, बाळंतीण दवाखान्यात, बियाण्याच्या पिशव्या तालुक्याहून गावात आणि कार्यकर्ते बैठकीला, सगळे तिच्यातूनच जातात. अशी गाडी चढावर ओढेनाशी होते, शिटी मारते, निळा धूर सोडते. मग वर्कशॉपातला माणूस बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल देतो: टर्बो गेला, नवा टाका. आमच्या गाडीला असा निकाल मिळाला तेव्हा आकडा होता 27 हजार रुपये. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये. म्हणजे साडेतीन क्विंटल कापूस झाला. कित्येक कोरडवाहू शिवारांत एका एकरात एवढाच कापूस निघतो. संकरित ज्वारीच्या 3,699 रुपये हमीभावाने मोजले, तर सात क्विंटलांवर ज्वारी. आणि हमीभाव प्रत्यक्ष हातात किती जणांच्या पडतो, ते बैठकीला येणाऱ्यांना सांगायला नको.

एका एकराचे पीक ज्या डब्यात घालायचे, तो डबा काय आहे आणि का मेला, हे विचारण्याचा हक्क एकराच्या मालकाला आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे.

टर्बो म्हणजे काय

डिझेल जाळायला हवा लागते. इंजिन स्वतःच्या ओढीने घेते तेवढ्या हवेत ठराविकच डिझेल नीट जळते. जास्त हवा दाबून भरली, तर त्याच आकाराचे इंजिन जास्त जोर देते. ही हवा दाबायला लागणारी ताकद सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूतून घ्यायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराची. 1905 साली त्याने तिचे पेटंट घेतले. एका दांड्याला दोन टोकांवर दोन चाके. एका चाकाला धुराचा झोत फिरवतो, दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते.

आपल्या गावात टर्बो उशिरा आला. जुन्या कमांडर जीपला तो नव्हता. 1994 साली आलेल्या पहिल्या टाटा सुमोलाही नव्हता. ही इंजिने गावातला कोणताही मिस्त्री झाडाखाली उघडत असे. पुढे धुराचे नियम कडक झाले, लहान इंजिनातून जास्त जोर काढण्याची गरज पडली आणि टर्बो सगळीकडे बसला. आजची बोलेरो दीड लिटरच्या तीन सिलिंडरांवर पळते ती टर्बोच्याच जिवावर. मोठ्या ट्रॅक्टरांतही तो आला आहे.

हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, लहान गाड्यांत तर दोन लाखांपर्यंत. एवढ्या वेगात तो बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल इंजिनातूनच एका बारीक पाईपने येते आणि खालच्या जाड पाईपने आपल्या वजनाने परत जाते. टर्बोचे सगळे आयुष्य या दोन पाईपांवर आणि एका एअर फिल्टरवर टांगलेले आहे.

लाल्या आणि टर्बो

कपाशीवर लाल्या आला की काय होते, ते आपण सगळे जाणतो. पान लाल दिसले की दुकानदार एक बाटली देतो. चार दिवसांनी दुसरी. लाल्या हा एक रोग नाही, ते लक्षण आहे. कुठे मॅग्नेशियम कमी पडलेले असते, कुठे बोंडे भरायच्या वेळी नत्र संपलेले असते, कुठे तुडतुड्यांनी रस शोषलेला असतो, कुठे रात्रीची थंडी अचानक वाढलेली असते. कारण न शोधता मारलेली फवारणी दुकानाचे पीक वाढवते.

टर्बोचेही तसेच आहे. तो सहसा स्वतःच्या आजाराने मरत नाही, त्याला दुसरे कोणी तरी मारते. तेलाचा पाईप जळक्या काजळीने बुजला, तर दांडा कोरडा पडतो. तेल जुने, घाण झाले, तर बेअरिंगला कानशीसारखे घासते. फिल्टर फाटला, तर धूळ चाकाची पाती खाते. परतीचा पाईप अडला किंवा इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडेनाशी झाली, तर तेल उलटे चढून टर्बोतून गळते. लांबवर जोरात पळवलेली गाडी थांबताक्षणी बंद केली, तर तापलेल्या टर्बोतले तेल जागच्या जागी करपते. कारण तसेच ठेवून नवा टर्बो बसवला, तर त्याच कारणाने तोही मरतो. मग दुकानदार म्हणतो, माल खराब निघाला असेल, आणखी एक टाकू.

कित्येकदा तर टर्बो मेलेलाच नसतो. हवेचा रबरी पाईप फाटलेला असतो, त्याची क्लिप सुटलेली असते किंवा टर्बोच्या नियंत्रणाची बारीक नळी तडकलेली असते. गाडी काळा धूर सोडते, ओढत नाही, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या नळीपायी एका एकराचे पीक जाते.

मोरा बंदरातला मिस्त्री

आम्ही काही कार्यकर्ते न्हावा शेव्याचे बंदर पाहायला उरणला गेलो होतो. 1989 साली सुरू झालेल्या या बंदरातून देशाचा माल कंटेनरात बसून परदेशी जातो. त्यात आपल्या कापसाच्या गाठीही असतात. याच बंदराच्या आणि नव्या मुंबईच्या जमिनींसाठी जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर भागात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले, हेही आपण विसरता कामा नये. आमची जुनी विकत घेतलेली डिझेल गाडी तिथे अडली. एका मोठ्या वर्कशॉपने 27 हजारांचा आकडा सांगितला तो तिथलाच. कारण विचारले तर उत्तर मिळाले, 'टर्बो आहे, जातोच.'

कोणी तरी मोरा बंदराकडे जायला सांगितले. भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचा मोऱ्याला लागतात. ओहोटीला धक्क्यापाशी गाळच गाळ असतो. लाँचांची आणि मच्छीमारांच्या बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करणारे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भर पाण्यात इंजिन बंद पडले तर मागे कोणी नसते, म्हणून ते कारण शोधल्याशिवाय भाग बदलत नाहीत.

तिथल्या मिस्त्रीने आधी हवेचे पाईप, क्लिपा आणि फिल्टर पाहिले. मग टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून दांडा बोटांनी हलवला. आडवा किंचित हलतो, ते चालते. तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण मागे-पुढे हलता कामा नये आणि चाक घराला घासता कामा नये. आमचे घासत होते. टर्बो खरोखरच गेला होता. तरी तो म्हणाला, "का गेला ते कळल्याशिवाय नवा बसवणार नाही." त्याने तेलाचा बारीक पाईप सोडवून फुंकला. फुंक पलीकडे गेली नाही. पाईपाच्या तोंडाच्या पोकळ बोल्टात जळक्या तेलाचा कोळसा भरला होता. टर्बोची बाहेरची घरे शाबूत होती, म्हणून त्याने मधला फिरता भाग, ज्याला मिस्त्री लोक कोर म्हणतात, तेवढा नवा आणला. कोर, दोन्ही पाईप, पॅकिंग, ऑईल, फिल्टर आणि मजुरी धरून खर्च निम्म्याहून कमी झाला. वर्कशॉपने नवा टर्बो त्याच बुजलेल्या पाईपाला जोडला असता, तर 27 हजारांचे आयुष्य किती राहिले असते, ते वाचकांनीच ठरवावे.

काम कसे व्हावे

गाडी स्वतः उघडा, असे आम्ही म्हणत नाही. पण शेजारी उभे राहून काय पाहायचे, ते प्रत्येकाला माहीत असावे.

काढताना इंजिन पूर्ण थंड हवे आणि बॅटरीची वायर सुटलेली हवी. धुराच्या बाजूचे नट उष्णतेने आणि गंजाने धरलेले असतात. मोऱ्यासारख्या खाऱ्या हवेत ते जास्त धरतात. त्यांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल सोडावे. जोर केला तर स्टड तुटतो आणि काम दुप्पट होते. सुटलेल्या प्रत्येक तोंडात स्वच्छ फडके कोंबावे आणि फडकी मोजून ठेवावीत. इंजिनात पडलेला एक वॉशर किंवा विसरलेले एक फडके नवा टर्बो पहिल्या मिनिटात संपवते. टर्बो उचलताना बाजूच्या बारीक दांडीला धरू नये. तिची कारखान्यातली मापणी बिघडते.

बसवताना पॅकिंग आणि तांब्याचे वॉशर नवेच हवेत. तेलाच्या तोंडाला सिलिकॉनचा लगदा लावू देऊ नये. त्याचा तुकडा सुटून पाईप बुजवतो. तेलाचा बारीक पाईप धुऊन भागत नाही, नवा घ्यावा. इंजिनाचे तेल आणि तेलाचा फिल्टर बदलावा. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच तेल घालावे. एअर फिल्टरही नवा हवा. जुन्या टर्बोने हवा गार करणाऱ्या जाळीत, म्हणजे इंटरकूलरमध्ये, तेल आणि धातूचे तुकडे सोडलेले असतात. ती जाळी धुतलीच पाहिजे. तिथे साचलेले तेल इंजिनाने ओढले, तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, पळत सुटते.

सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून चाक हाताने फिरवावे. मग डिझेल बंद ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते फिरवावे. सुरू झाल्यावर काही मिनिटे मंद चालू द्यावे, गळती पाहावी, लगेच रेस देऊ नये. आणि जुना टर्बो उघडून आतली फक्त बेअरिंग बदलून देतो, असे कोणी म्हटले तर सावध राहावे. लाखावर फेरे घेणारा दांडा मशीनवर तोलल्याशिवाय टिकत नाही. ते मशीन असेल तरच ते काम, नाही तर कारखान्यात तोललेला कोर घ्यावा.

किनाऱ्यावर गाडीचा शत्रू मीठ, आपल्याकडे धूळ. ज्वारीच्या मळणीच्या आणि कापूस वाहतुकीच्या दिवसांत फिल्टर रोज पाहावा. लांबून आल्यावर गाडी मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावी. याला पैसा लागत नाही.

ज्ञान कोणाच्या कुलपात

आता मूळ मुद्दा. मोऱ्याच्या मिस्त्रीला पाईप कळला, कारण तो बोटाला आणि फुंकेला कळतो. पण नव्या गाड्यांत कित्येक टर्बो कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतात. भाग बदलल्यावर तो कॉम्प्युटरला ओळखवून द्यावा लागतो. ते यंत्र, ते पुस्तक आणि अस्सल सुटे भाग कंपनीच्या कुलपात राहिले, तर शहाण्यातला शहाणा मिस्त्री आंधळा होतो आणि गिऱ्हाईक एका दुकानाला बांधले जाते.

हे आमचे कल्पनेचे भूत नाही. 2011 साली आलेल्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न देता स्पर्धा मारली, हा ठपका होता. साधने आणि भाग स्वतंत्र मिस्त्रींना मिळू द्या, बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. दंडावर पुढे अपिले झाली. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे आणि मोटारी दोन्ही आहेत. डिसेंबर 2022 मध्ये पोर्टलही निघाले. पण समिती आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आम्ही कंपन्यांविरुद्ध नाही. चांगले यंत्र बनवणाऱ्याला त्याचे दाम मिळालेच पाहिजे. सरकारने टर्बोवर अनुदान द्यावे, असेही आम्ही म्हणत नाही. आमची मागणी बाजार खुला करण्याची आहे. गाडी विकताना पैसे पूर्ण घेतले ना? मग ती उघडण्याचे ज्ञानही विकत मिळू द्या. कंपनीचे वर्कशॉप चांगले काम करील, तर लोक तिथे जातील. मोऱ्याचा मिस्त्री चांगले काम करील, तर त्याच्याकडे जातील.

बैठकीपुढे ठेवण्याचे ठराव

1. जुना भाग हातात आणि बिघाडाचे कारण बिलावर लिहून मिळाल्याशिवाय कोणीही टर्बोचे पैसे देऊ नयेत.

2. प्रत्येक तालुक्याने कारण शोधून काम करणाऱ्या मिस्त्रींची यादी करावी आणि बैठकीत वाचावी.

3. गाड्या, ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची दुरुस्तीची पुस्तके, तपासणीची साधने आणि सुटे भाग रास्त किमतीत कोणालाही विकण्याचे बंधन कायद्याने घालावे, अशी मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक खासदाराकडे लेखी जावी.

पहिल्या दोन ठरावांना दिल्लीची परवानगी लागत नाही. ते या हंगामातला कापूस बाजारात जायच्या आत सुरू करता येतील.