कळकाचे बेट विका, पण उक्ते नको!

कोकणात नदीकाठी, वहाळाच्या कडेला, गावाबाहेरच्या सामाईक जमिनीत कळकाची जुनी बेटे उभी आहेत. ती कोणी लावली हे कुणी सांगू शकत नाही. खत घालावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, म्हणून त्यांची किंमतही वाटत नाही. निम्मे हिस्सेदार मुंबईला. गणपतीत आले की म्हणतात, "ती काट्यांची अडगळ काढून टाका एकदाची." मग व्यापारी येतो, बेटाभोवती एक फेरी मारतो, उक्ती रक्कम सांगतो आणि आपण मान डोलावतो. आठ दिवसांत बेट साफ!

शेतकरी बंधूंनो, हा व्यवहार तोट्याचा आहे. उक्ते घेणाऱ्याचा संबंध ट्रक भरेपर्यंतच असतो. तो कोवळी काठी, जून काठी असा भेद करत नाही. कोवळ्या काठ्या बेटाच्या बाहेरच्या कडेला असतात, त्या आधी हाताला लागतात. आतल्या जुन्या काठ्या काट्यांच्या जाळीत अडकलेल्या असतात. तिथे शिरायचा कंटाळा, म्हणून त्या छातीच्या उंचीवर तोडल्या जातात आणि खाली खुंटांची गर्दी राहते. पुढच्या पावसात कोंब येतात ते त्या गर्दीतून, वाकडे आणि बारीक. चार वर्षांनी तोच मालक म्हणतो, "बेटाचा जोर गेला." जोर गेला नाही, आपण घालवला.

आता आपल्याकडे आहे ते काय, हे आधी ओळखा. सगळ्याच बांबूला कळक म्हणू नका. कळक, म्हणजे काटस बांबू, उंच आणि जाड. चांगल्या जागी १५ ते ३० मीटर उंच जातो. पेरावर दोन-तीनच्या जुडीने वाकडे, मजबूत काटे असतात आणि काठी आतून पोकळ असते. परांची, शिड्या, वासे, मांडवाचे खांब यांना हाच लागतो. बांधावरचा माणगा वेगळा. त्याला काटे नाहीत, उंची कमी आणि काठी जवळजवळ भरीव. गावागणिक नावे बदलतात, तेव्हा नावावर जाऊ नका. काटा आणि पोकळी बघा.

दुसरी ओळख वयाची. पुष्कळ जण विचारतात, "साहेब, अजून जाड होईल ना ती? मग आत्ताच कशाला तोडायची?" नाही होणार. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो, तेवढीच काठी जाड राहते. उंचीसुद्धा ती पहिल्या काही महिन्यांतच गाठते. पुढच्या वर्षांत ती फक्त पक्की होते. पहिल्या वर्षाची काठी गर्द हिरवी, अंगावर पांढरट भुकटी, पेरांना चिकटलेली आवरणे. दुसऱ्या वर्षी आवरणे गळतात, फांद्या फुटतात. तिसऱ्या वर्षापासून रंग फिका, पिवळसर पडतो, सालीवर बुरशी-शेवाळाचे डाग येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले तर टणक आवाज येतो. ही तोडायची काठी. पहिल्या दोन वर्षांच्या काठ्यांना हात लावायचा नाही, कारण नव्या कोंबांना त्याच पोसतात. जुन्यांपैकीही काही आधाराला ठेवायच्या, नाहीतर वाऱ्याला कोवळी काठी आडवी होते.

तोड पावसाळ्यात नको. तेव्हा कोंब वर येत असतात, पायाखाली मोडतात. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ बरा. आधी माणसाच्या उंचीपर्यंतच्या काटेरी फांद्या छाटा. मग नवे कोंब ज्या बाजूला येतात ती बाजू सोडून दुसऱ्या बाजूने आत वाट काढा आणि मधल्या जून काठ्या काढा. बेटाचा आकार घोड्याच्या नालासारखा झाला पाहिजे. काठी जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर, पेराच्या लगेच वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजणार नाही. कंद खणू नका. तोडलेल्या काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्या वाडवडिलांची पद्धत खरीच शहाणपणाची आहे. काठीतली साखर-पिष्ट निघून जाते आणि भुंगेऱ्याला खायला उरत नाही.

हिशेब करून बघा. समजा बेटात ४० काठ्या आहेत आणि दरवर्षी ८ नव्या येतात. तर दरवर्षी साधारण तेवढ्याच जून काठ्या काढता येतील आणि बेट जसेच्या तसे राहील. उक्त्याची रक्कम एकदा मिळते, ही दरवर्षी मिळते. शिवाय काठाची माती धरून ठेवणारे कंद जागेवर राहतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणने महापूर पाहिला. त्यानंतर तरी नदीकाठच्या बेटाला अडगळ म्हणू नये. अपवाद एकच. कळकाला कित्येक दशकांनी फुलोरा येतो आणि मग ते बेट वाळते. तसे झाले तर बी पडू द्या आणि मगच सगळे काढा.

"वनखात्याची भानगड नको," असेही म्हणतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू २०१७ साली वगळला गेला. वनाबाहेरच्या जमिनीतल्या बांबूला त्या कायद्याखालचा तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना लागत नाही. पण सातबाऱ्यावर वनाची नोंद असेल तर आधी विचारा, मग कोयता लावा. जंगलातल्या बेटावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला. तिथे एका गावाला जे जमले, ते आपल्या चार भाऊबंदांना एका बेटापुरते जमू नये काय?

तेव्हा येत्या दिवाळीत मुंबईची मंडळी घरी असतानाच बेटावर जा. यंदाच्या काठ्यांना रंगाचा पट्टा मारा, पुढच्या वर्षी दुसरा रंग. व्यापारी आला की पट्टे दाखवा आणि ज्या जून काठ्या विकायच्या, त्या मोजून द्या. बाकीच्यांचा भाव सांगू नका.