डोक्यातली क्लिप आणि एमआरआयचा चुंबक

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक कंबरदुखीचे कागद घेऊन दवाखान्यात आले. तज्ज्ञांनी कमरेचा एमआरआय सांगितला होता, तारीखही ठरली होती. उठता उठता गुरुजी सहज म्हणाले, "डॉक्टर, तीस वर्षांपूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तेव्हा डोक्यात क्लिप बसवली आहे. पण काळजी नाही, ती स्टेनलेस स्टीलची आहे. घरी पेल्याला चुंबक लावून पाहिला, चिकटत नाही."

मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले.

ही समजूत घरोघरी आहे. आपले पेले, ताटे बहुधा ज्या स्टीलची असतात त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही. पण सुरी, कात्री आणि शस्त्रक्रियेच्या चिमट्यांचे स्टील चुंबकाला चिकटते, आणि तेही अस्सल स्टेनलेसच असते.

याहून फसवे एक पोलाद आहे. त्याचे नाव १७-७ पीएच. त्यात १७ टक्के क्रोमियम, ७ टक्के निकेल आणि सुमारे १ टक्का अॅल्युमिनियम असते. मऊ असताना चुंबक त्याला फारसा ओढत नाही. हवा तो आकार दिल्यावर ते सुमारे ७६० अंश सेल्सिअसला तापवून थंड करतात. त्या वेळी आतील अणूंची मांडणी बदलते आणि पोलाद चुंबकीय होते. पुढे सुमारे ५६५ अंशांवर काही वेळ ठेवले की निकेल व अॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण तयार होऊन ते स्प्रिंगसारखे कणखर बनते. घटक तेच, वजन तेच; पण भट्टीतून आल्यावर स्वभाव निराळा. पूर्वीच्या काही मेंदूच्या क्लिपा या पोलादाच्या असत आणि चाचणीत त्या चुंबकाकडे ओढल्या जातात असे दिसून आले.

एमआरआयचा चुंबक घरातल्या चुंबकासारखा नसतो. १.५ टेस्लाच्या यंत्राचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा बळी गेला, तो या ओढीनेच. १९९२ साली अमेरिकेत डोक्यात क्लिप असलेली एक रुग्ण एमआरआयच्या वेळी दगावली. तिची क्लिप चुंबकीय नाही असे समजून तिला आत नेले होते. ती चुंबकीय निघाली, जागची हलली आणि रक्तवाहिनी फाटली.

आमच्या गुरुजींच्या कार्डावर काय होते? "क्लिप लावली." एवढेच. कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारची, काही नाही. रुग्णालयाला विचारले, तर इतके जुने कागद आता नाहीत असे उत्तर आले. रेडिओलॉजिस्टशी बोलून एमआरआय रद्द केला आणि कमरेचा सीटी स्कॅन केला. त्यात चुंबक नसतो. त्यावर उपचार सुरू झाले.

यात गुरुजींची चूक नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाच्या शरीरात कायमची वस्तू ठेवायची आणि तिचे नाव त्याला सांगायचे नाही, हे बरे नव्हे. साधा पंखा घेतला तरी गॅरंटी कार्ड मिळते. मग क्लिपेच्या वेष्टनावरील कंपनीचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला किती वेळ लागतो?

आज बसवल्या जाणाऱ्या बहुतेक क्लिपा टायटॅनियमच्या किंवा कोबाल्टच्या मिश्रधातूच्या असतात. हाड जोडायच्या पट्ट्या व सळ्याही सहसा अडचण करत नाहीत. म्हणून घाबरून तपासणी टाळू नका. पण एमआरआयपूर्वी शरीरात क्लिप, पेसमेकर, सळई, कृत्रिम झडप, धातूचा कण, जे काही असेल ते सांगा, कोणी विचारले नाही तरी सांगा. ऑपरेशनचे कागद घराच्या सात-बाऱ्यासोबत जपून ठेवा. निर्णय रेडिओलॉजिस्टवर सोपवा.

आणि चुंबक पेल्याला लावून डोक्यातल्या क्लिपेचा निकाल देऊ नका.